सफरीतले धुणे : छोटे यंत्र सोबत न्यावे का?



उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की हदगावच्या गल्ल्यांत एकच बोलणे सुरू होते. गाडी कोणाची ठरवायची, किती दिवसांची आणि वाटेत मुक्काम कुठे करायचा? कोणी बिदर-गुलबर्ग्याला निघते, कोणी हैदराबादेत खालाकडे, तर कोणी खुल्दाबाद-दौलताबाद करून पुढे अजमेरपर्यंत जाते. एक क्रूझर किंवा ट्रॅव्हलर, दहा-बारा माणसे, गॅसची शेगडी, तांदळाची पिशवी, लोणच्याची बरणी, सतरंज्या आणि कपड्यांची बोचकी. खाण्यापिण्याची तयारी आपण आठ दिवस आधीपासून करतो. धुण्याचा विचार मात्र पहिल्या मुक्कामावर, रात्री अकरा वाजता, लॉजच्या न्हाणीघरात सुरू होतो.

या महिन्यात तालुक्यातल्या एका बहिणीने याच विषयावर विचारले आहे. त्यांच्या मुलाने कपडे धुण्याचे एक छोटे यंत्र विकत आणले आहे, बादलीएवढे. नऊ दिवसांची सफर आहे, बारा माणसे आहेत, त्यात सात महिन्यांचे बाळ आहे. हे यंत्र गाडीत घालून न्यावे का? प्रश्नाच्या शेवटी मात्र एक ओळ होती आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. त्यांच्या सासूबाईंना लघवी रोखणे आता जमत नाही. त्या म्हणतात, "मी घरीच राहते. सफरीत माझे कपडे पाक राहणार नाहीत, नमाज जाईल, आणि तुला रोज धुण्याचा त्रास."

अशा कितीतरी दादी-नानी आपल्या घरांत आहेत. त्यांचे गुडघे दुखतात हे सगळ्यांना माहीत असते, पण हे कारण त्या कोणालाच सांगत नाहीत. लग्नाला येत नाहीत, लेकीच्या गावी जात नाहीत, "तुम्ही जाऊन या" म्हणतात. म्हणून आज यंत्राबद्दल बोलताना पाकीबद्दलही बोलू.

आपलाही कारवांच आहे

परदेशात बरीच कुटुंबे कॅरव्हॅन घेऊन फिरतात. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचे लहानसे घर : झोपायची जागा, छोटे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी. या घरात पूर्ण आकाराचे यंत्र मावत नाही, म्हणून तिथले लोक बादलीएवढी यंत्रे बाळगतात. आपल्या महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. हा शब्द काही आपल्याला परका नाही. फारसीतला कारवां युरोपात गेला आणि कॅरव्हॅन होऊन परत आला. आपल्या क्रूझरमध्ये पलंग नसेल, पण दहा-बारा जणांचे घर हलवत नेणे हा कारवांच आहे. म्हणून त्यांचे प्रश्नही आपलेच आहेत : पाणी किती, वीज कुठली, आणि ओले कपडे वाळवायचे कुठे?

यंत्र काय करते आणि काय करत नाही

बाजारात साधारण दोन प्रकारची छोटी यंत्रे मिळतात. एक घडीचे, रबरासारख्या भिंतींचे, जे दाबले की चपटे होते. त्यात बाळाचे पाच-सहा झबले-लंगोट किंवा दोन-चार अंतर्वस्त्रे एवढेच मावते. दुसरे प्लास्टिकच्या टबाचे, एकाच टाकीचे. त्यात दोन-तीन सलवार-कमीज एका वेळी निघतात. डब्यावर किती किलो लिहिले आहे ते पाहा, आणि तो आकडा कोरड्या कपड्यांचा असतो हे लक्षात ठेवा. घरून निघण्याआधी एक जोड किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा, म्हणजे अंदाज येईल. सतरंजी, चादर, जाड टॉवेल किंवा जीन्स यात घालायची नाही. मोटर लहान असते, ती अडकते आणि जळते.

हे यंत्र कपडे घुसळते आणि मळ सैल करते, बस्स. पाणी तुम्हीच भरायचे, तुम्हीच सोडायचे. काही यंत्रांत पिळण्यासाठी लहान जाळीची टोपली असते, पण ती एका वेळी एक-दोन कपडेच घेते. बाकीचे पिळणे हातानेच. त्यामुळे "यंत्र आहे, आता धुण्याची काळजी नाही" असे समजून निघाल तर पहिल्याच मुक्कामावर निराशा होईल.

मग त्याचा उपयोग कोणाला? ज्या घरात रोज थोडे-थोडे कपडे धुवावेच लागतात त्यांना. तान्हे बाळ असेल, आजारी माणूस असेल, वर सांगितल्यासारख्या दादी असतील, किंवा धुणाऱ्या बाईच्या मनगटात दुखणे असेल, तर यंत्र जरूर न्यावे. बाकी मोठ्या माणसांचे बाहेरचे कपडे सफरीत धुण्याची गरजच नसते. प्रत्येकाने चार-पाच जोड घेतले, एक जोड दोन दिवस घातला, तर नऊ दिवस निघून जातात. रोज धुवायचे ते फक्त आतले कपडे, मोजे आणि बाळाचे.

साफ आणि पाक

आता मुख्य गोष्ट. कपडा साफ दिसणे आणि कपडा पाक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धुळीने मळलेला कुर्ता साफ नसतो, पण तो पाक असतो आणि त्यात नमाज होते. उलट, लघवीचा थेंब वाळलेली सलवार दिसायला स्वच्छ असते, पण ती पाक नसते. सूरह अल-मुद्दस्सिरच्या सुरुवातीलाच कपडे पाक ठेवण्याचा हुकूम आहे. साबण, सुगंध, फेस हे सगळे सफाईसाठी आहे. पाकीसाठी लागते ते पाक पाणी.

आपल्या मराठवाड्यात बहुतेक घरे हनफी मसलकाची आहेत. हनफी फिक्हनुसार, लघवीसारखी वाळल्यावर न दिसणारी नजासत लागली तर कपडा तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावा आणि दर वेळी चांगला पिळावा. दिसणारी नजासत असेल तर ती निघून जाईपर्यंत धुवावे. घासूनही फिकट डाग किंवा थोडा वास राहिला तर त्याला हरकत नाही. वाहत्या नळाखाली कपडा धरून भरपूर पाणी त्यातून जाऊ दिले तरी तो पाक होतो. कोकणातली आपली भावंडे शाफई मसलकाची आहेत. त्यांच्याकडे फक्त दुधावर असलेल्या दोन वर्षांखालील मुलाच्या लघवीवर पाणी शिंपडणे पुरते, मुलीच्या लघवीसाठी मात्र धुवावे लागते. हनफी मसलकात दोघांचेही धुवायचे. सफरीत दोन मसलकांची कुटुंबे एकत्र असतील तर यावरून वाद घालू नये. ज्याने त्याने आपल्या आलिमांनी सांगितल्याप्रमाणे करावे.

यंत्रात इथेच गडबड होते. नापाक लंगोट आणि सगळ्यांचे कपडे एकदम टाकीत घातले की ते थोडे साठलेले पाणी नापाक होते, आणि त्या पाण्यात भिजलेला प्रत्येक कपडा नापाक होतो. मग सगळेच कपडे तीन-तीनदा स्वच्छ पाण्यातून काढून पिळावे लागतात. यंत्राने एकदा घुसळले आणि वाळत घातले, म्हणजे पाक झाले असे नाही.

म्हणून क्रम असा ठेवा :

पहिले, नापाक कपडा वेगळा ठेवा. त्यासाठी झाकणाचा छोटा डबा किंवा जाड पिशवी वेगळीच असू द्या.

दुसरे, तो कपडा यंत्रात घालण्याआधी हातानेच तांब्याने पाणी घालून धुवा आणि पिळा. असे तीन वेळा. इथे साबणाची गरज नाही.

तिसरे, आता तो पाक झाला. बाकीच्या कपड्यांबरोबर साबणाच्या पाण्यात यंत्रात घाला.

चौथे, साबणाचे पाणी सोडून एकदा स्वच्छ पाण्यात खळबळा आणि वाळत घाला.

या क्रमाने पाणीही वाचते. एक सलवार तीनदा धुवायला दर वेळी दोन तांबे धरले तर पाच-सहा लिटर पाणी लागते. तीच सलवार आधीच टाकीत टाकली, तर पंधरा लिटरची टाकी तीनदा नव्याने भरावी लागेल, म्हणजे पंचेचाळीस लिटर. शिवाय सगळे कपडे तीनदा पिळायचे ते वेगळेच.

दादींना घरी ठेवू नका

ज्या बुजुर्गांना लघवीचा त्रास सतत आहे, इतका की एका नमाजच्या पूर्ण वेळेत वुजू करून फर्ज अदा करण्याएवढीही उसंत मिळत नाही, त्यांना शरीअतमध्ये माजूर म्हणतात. हनफी मसलकात माजूर व्यक्तीने प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी नवा वुजू करायचा. त्या वेळेत त्याच त्रासामुळे थेंब आला तरी वुजू तुटत नाही. धुतलेला कपडा नमाज पूर्ण होण्याआधीच पुन्हा खराब होणार असेल तर तो धुण्याची सक्तीही राहत नाही. ज्यांचा त्रास अधूनमधून आहे, त्या माजूर ठरत नाहीत. त्यांनी कपडा बदलून वुजू करायचा. आपली दादी यातल्या कोणत्या प्रकारात येते, हे निघण्याआधी जवळच्या आलिमांना किंवा आलिमा बहिणीला शांतपणे विचारून घ्या. लाज वाटत असेल तर सुनेने किंवा लेकीने विचारावे. दीनच्या गोष्टीत विचारायला लाज नसते. मदीन्याच्या अन्सारी स्त्रियांची तारीफ हजरत आयशा (रजि.) यांनी याच गुणासाठी केली आहे.

अडचण सोडवणारा साधा उपाय असा आहे : दादींसाठी नमाजचा एक जोड पूर्ण वेगळा ठेवा. सलवार, कमीज आणि ओढणी. तो वेगळ्या पिशवीत, गाडीत हाताशी येईल असा. वाटेत नमाजची वेळ झाली की फक्त तो बदलायचा, नमाज अदा करायची आणि पुन्हा घडी घालून पिशवीत. औषधांच्या दुकानात मोठ्या माणसांसाठीचे शोषून घेणारे पॅड मिळतात, तेही प्रवासापुरते वापरता येतात. नमाजआधी ते बदलायचे. बसवताना दादींना दरवाजाजवळची जागा द्या आणि दर दोन तासांनी गाडी थांबवायची हे चालकाला निघतानाच सांगून ठेवा. "आता थांबवा" असे म्हणायची पाळी त्यांच्यावर येऊ देऊ नका.

एक लक्षात ठेवा : तयम्मुम वुजूच्या आणि गुस्लच्या जागी होतो, कपड्यावरची नजासत तयम्मुमने जात नाही. पण पाणीच नाही आणि दुसरा कपडाही नाही अशी वेळ खरोखर आली, तर हनफी मसलकानुसार आहे त्या कपड्यात नमाज अदा करायची. नमाज सोडायची नाही. "कपडे पाक नाहीत म्हणून चार दिवस नमाज नाही" असे ज्यांनी मनाशी धरले आहे, त्यांच्यापर्यंत हे नक्की पोहोचवा.

पाण्याचा हिशोब

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. शंभर लिटरची टाकी गाडीच्या टपावर चढवली म्हणजे एक क्विंटल वजन टपावर गेले. वळणावर गाडी डोलते, डिझेल जास्त जाते. म्हणून धुण्याचे पाणी गाडीत न्यायचे नाही. गाडीत प्यायचे आणि वुजूचे पाणी, धुणे फक्त मुक्कामावर.

वुजूला किती पाणी लागते? प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्दएवढ्या पाण्याने वुजू आणि एका साअपासून पाच मुद्दपर्यंतच्या पाण्याने गुस्ल करत, असे सहीह हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे आजच्या मापाने पाऊण लिटरच्या आतबाहेर, आणि चार मुद्दचा एक साअ, म्हणजे तीन लिटरच्या आसपास. आपण नळ सोडून वुजू करतो तेव्हा याच्या कितीतरी पट पाणी जाते. गाडीत एक लिटरची बाटली किंवा लोटा ठेवा आणि मुलांना त्यातून वुजू करायला शिकवा. सफर ही त्यासाठी उत्तम शाळा आहे.

पाण्याची किंमत मराठवाड्याला कोणी वेगळी सांगायला नको. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली तेव्हा तिच्या दहा डब्यांत पाच लाख लिटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. भागाकार केला तर माणशी सव्वा लिटरच्या आसपास. त्या वर्षी ज्यांनी घागरी घेऊन रांगेत रात्री काढल्या, त्यांच्या घरातल्या मुलांना टाकी चार वेळा भरून यंत्र चालवणे शोभत नाही. उन्हाळ्यात आपण ज्या गावी मुक्काम करू तिथेही टँकर चालू असू शकतो. पाहुण्यांकडे उतरलो तर आधी विचारावे, "नळ किती दिवसांनी येतो?" आठवड्यातून एकदा येत असेल तर त्या घरी यंत्र उघडायचेच नाही.

दुसऱ्याचे पाणी, दुसऱ्याची जागा

मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या वुजूखान्यात कपडे धुण्याचा मोह होतो, कारण तिथे नळ ओळीने असतात. पण ते पाणी नमाजींच्या वुजूसाठी दिलेले असते. वक्फची वस्तू ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरावी. मुतवल्लींना किंवा इमामसाहेबांना विचारा. मुसाफिरांसाठी धुण्याची वेगळी सोय असेल तर ते दाखवतील. वीजसुद्धा तशीच. मशिदीच्या प्लगात यंत्र लावून दोन तास चालवायचे आणि जाताना काही न देता निघून जायचे, हे बरे नाही.

साबणाचे पाणी हौदाजवळ, विहिरीजवळ, नदीच्या घाटावर किंवा लोकांच्या वाटेत सोडू नका. पाणवठा, रस्ता आणि सावली या ठिकाणी घाण करणाऱ्यावर लोकांची लानत येते, असे हदीसमध्ये बजावले आहे. पैनगंगेच्या काठी थांबून गाडीभर कपडे धुवायला बायका पूर्वी बसत, तेव्हा हाताशी रिठे असत. आजची पावडर तशी नाही. मुक्कामाच्या जागी मोरी असेल तर तिथेच सोडा. नसेल तर बादलीत भरून दूर, मोकळ्या जमिनीवर पसरून ओता. पावडर अर्धीच टाका. छोट्या टाकीत जास्त फेस झाला की तो काढायला दोन टाक्या पाणी जास्त लागते.

विजेचा हिशोब

यंत्राच्या मागे किंवा डब्यावर वॉटचा आकडा असतो. तो २०० असेल तर पंधरा मिनिटांच्या धुण्याला युनिटचा विसावा हिस्सा वीज लागते, म्हणजे फार नाही. पण हीच वीज गाडीच्या बॅटरीतून घ्यायची म्हटले तर गोष्ट बदलते. आपल्या बहुतेक प्रवासी गाड्यांची बॅटरी १२ व्होल्टची असते. २०० वॉट भागिले १२ केले की सतरा अँपिअरच्या आसपास होतात, आणि इन्व्हर्टरमध्ये जाणारी वीज धरली तर त्याहून जास्त. डॅशबोर्डवरचा चार्जरचा सॉकेट एवढ्यासाठी बनलेला नसतो. फ्यूज उडेल, नाहीतर वायर तापेल. म्हणून टबाचे यंत्र गाडीवर चालवायचे नाही. घडीच्या यंत्राला बहुधा वेगळा अडॅप्टर असतो आणि त्याचा आकडा कमी असतो. तरीही आधी आकडा वाचा, मग प्लग लावा.

लॉजमध्ये किंवा पाहुण्यांकडे यंत्र न्हाणीघराच्या आत ठेवू नका. दाराबाहेर कोरड्या फरशीवर ठेवा, पाणी बादलीने आणून भरा. तीन पिनांचा प्लग असेल तर तो तीन पिनांच्याच सॉकेटमध्ये लावा. तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या जोडवायरीत घालणे म्हणजे जिवाशी खेळ. कपडे घालताना-काढताना आधी बटण बंद करा, प्लग काढा आणि हात कोरडे करा. हे काम लहान मुलांकडे देऊ नका.

यंत्राशिवायचे यंत्र

ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. अमेरिकेचे प्रसिद्ध लेखक जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये आपल्या कुत्र्याला घेऊन घरासारख्या केलेल्या गाडीतून देशभर फिरले. त्यांनी झाकणाची एक प्लास्टिकची बादली गाडीत ताणणाऱ्या दोरीने टांगली होती. कपडे, साबण आणि पाणी आत घालायचे आणि गाडी चालू लागली की हेलकाव्यांनी कपडे आपोआप धुतले जायचे. मग पाणी बदलून तसेच खळबळायचे.

हे आपल्याकडेही जमते. वीस लिटरचा, घट्ट फिरकीच्या झाकणाचा डबा घ्या. त्यात तीन-चार हलके कपडे, पाच-सहा लिटर पाणी आणि चमचाभर पावडर. डबा एक तृतीयांशच भरलेला हवा, नाहीतर आत हलायला जागा राहत नाही. मागच्या सीटमागे दोरीने नीट बांधा, टपावर नको. तास-दीड तासाचा खराब रस्ता मिळाला तर काम चोख होते, आणि तसा रस्ता आपल्याकडे शोधावा लागत नाही! पाकीचा क्रम मात्र तोच : नापाक कपडा आधी तीनदा धुऊन-पिळून मगच डब्यात.

पिळण्यासाठी एक युक्ती : ओला कपडा कोरड्या टॉवेलवर पसरा, दोन्हींची गुंडाळी करा आणि तिच्यावर गुडघ्याने दाब द्या. मनगटाला त्रास न होता बरेच पाणी टॉवेलमध्ये जाते. हे वाळवण्याआधीचे काम आहे, तीनदा धुतानाचे पिळणे वेगळे. सफरीसाठी जाड सुती कपड्यांऐवजी पातळ कापडाचे जोड निवडा. ते उन्हाळ्यात रात्रीतून वाळतात. दहा हात दोरी, वीस चिमटे आणि दोन खिळेवजा हूक एवढे सोबत असले की वळणी कुठेही तयार होते. ओले कपडे पिशवीत दाबून पुढच्या गावी नेऊ नका, कुबट वास लागतो आणि बाळाच्या अंगावर पुरळ येतो.

हज-उमऱ्याला जाणाऱ्या बहिणी हेच विचारतात. विमानाच्या सामानात वजन मोजून घेतात, तिथे यंत्र न्यायचा विचारही करू नका. घडीची बादली, दोरी आणि चिमटे पुरेत. एहरामच्या हालतीत सुगंध लावणे मना आहे, म्हणून एहरामच्या चादरी सुगंध नसलेल्या साबणाने धुवा. एहरामची चादर बदलता येते आणि धुताही येते, त्यात काही हरकत नाही.

धुणे कोणाचे?

शेवटची गोष्ट घरातल्या भावांसाठी आणि मुलांसाठी. हे पान त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा.

सफर सगळ्यांची असते. पण मुक्कामावर पुरुष चहाला बाहेर पडतात, मुले मोबाईल घेऊन बसतात आणि सून बादली घेऊन न्हाणीघरात जाते. नऊ दिवसांनंतर सगळे ताजेतवाने होऊन येतात आणि ती थकून. प्रेषित मुहम्मद (स.) घरी काय करत, असे विचारल्यावर हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत. आपले कपडे स्वतः सांधत, आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करत. ज्यांच्या सुन्नतवर आपण मिसवाकपासून दाढीपर्यंत इतके प्रेम करतो, त्यांची हीसुद्धा सुन्नत आहे.

म्हणून निघण्याआधीच ठरवा : बारा वर्षांवरच्या प्रत्येकाने आपली बनियन, मोजे आणि आतले कपडे आंघोळीच्या वेळीच स्वतः धुवायचे. यंत्र नेणार असाल तर ते उचलणे, पाणी भरणे, सोडणे आणि पुसून ठेवणे हे काम भावांचे. दोरी बांधणे मुलांचे. मग बाईकडे उरते ते बाळाचे आणि दादींचे, आणि त्यातही लेकाने आपल्या आईचा कपडा धुतला तर त्यात कमीपणा नाही. लहानपणी तिने त्याचे किती लंगोट धुतले ते त्याने एकदा आठवावे.

थोडक्यात, घरात तान्हे बाळ, आजारी माणूस किंवा बुजुर्ग असेल आणि मुक्काम एका जागी दोन-तीन रात्रींचा असेल, तर छोटे यंत्र जरूर न्या. रोज नवे गाव असेल, तर झाकणाचा डबा आणि दोरी पुरे. आणि यंत्रासाठी गाडीत जागा करताना कोणाची जागा कमी करावी लागत असेल, तर यंत्र घरी ठेवा. दादींना ठेवू नका.

अल्लाह सर्वांचा सफर आसान करो. आमीन.